मोडलाय डावा, मोजत्यात उजवा

...मग मी काय खोटं सांगते व्हय? आवं, तुमी सगळी भेटायला आलाय, शाणीसुरती माणसं हाय, तुमीच सांगा. घरातला नळ गळाय लागला तर माणूस कुठला नळ उघडून बघतंय? गळणाराच ना? मग आमच्या मालकांचा पाय मोडलाय डावा, अन् ह्या दवाखान्यात मोजत्यात उजवा! व्हय, उजवा! चांगला, धडधाकट, ज्याला साधं खरचटल्यालं न्हाई त्यो पाय!

मोडला कसा म्हणता? ते तर इचारूच नका... बरं, आता इचारलंच हाय तर सांगते. आमचं हवालदार पलटणीतनं पेन्शनीत आलं त्याला लय वरसं झाली, पण त्यांच्या अंगातली पलटण काय अजून घरी आल्याली न्हाई. कुंडलला आमचा ऊस तुटत हुता. तोडकरी बिचारं आपलं मोळ्या वाहून ट्रॉलीत टाकत हुतं. ह्यास्नी ती रास पसंत पडंना. "ए जवान, मोळी सीधी रखो!" आता त्यो तोडकरी, त्यानं पलटण कवा बघितलीया? त्यो हसला. झालं! ह्यास्नी आला राग, चढलं सोता ट्रॉलीवर. ह्या वयात! वर उभं ऱ्हाऊन ऑर्डरी सोडत हुतं, पायाखालची मोळी सरकली अन् हवालदार खाली. डाव्या मांडीचं हाड काडकन मोडलं, मला बांधावर ऐकाय आलं. अन् ओरडलं काय माहिताय? "आई गं" न्हाई, "मेलो" न्हाई... "रस्सी नीट आवळा रं!"

मग आमच्या धाकट्या दिरांनी, सयाजी भावजींनी, गाडी काढली अन् आणलं हितं शहरात, विश्रामबागंतल्या ह्या दवाखान्यात. फोटू काढला, पायाला वजन टांगलं. मोठी डॉक्टर म्हणून कोण आलं? तर एक पोरगी! राजनंदिनी मॅडम. आवं, माझी धाकटी सून थोराड दिसंल तिच्यापुढं. पण बोलायला गोड. म्हणली, "शालूबाई, काळजी करू नका. हाडाच्या आत सळई घालू, हाड जुळून येईल. फक्त आधी मला माप घेऊ द्या." म्हणलं घे बाई, शिंपी सुदीक माप घेतल्याबगार कापड कापत न्हाई. तर ती मशीनीत घालून माप घेती कशाचं? मोडलाय डावा, मोजत्यात उजवा!

मी म्हणलं, आता संपलं, ही पोरगी चांगला पाय फाडणार! मी काय केलं, पदराच्या काठाची एक चिंधी फाडली अन् डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधली. सिस्टर आली, तिनं सोडली. ती गेली, मी परत बांधली. ती परत आली, "मावशी, हे काय लावलंय?" म्हणलं, "डावा गं बाई, डावा!" मग झाडायला आली तिला सांगितलं डावा, चा घेऊन आला त्याला सांगितलं डावा. त्यो चावाला म्हणला, "मावशी, मी फक्त चा देतो." म्हणलं देतोस तर दे, पण ध्येनात ठेव! भावजी मोबाईलमधनं डोकं वर न काढता म्हणत्यात, "वैनी, आता समदं कॉम्प्युटर करतंय, तुमी गप बसा." कॉम्प्युटर करतंय! कॉम्प्युटरचा नवरा हाय का खाटंवर?

शेवटी मी मॅडमनाच धरलं. दारातच आडवी उभी ऱ्हायले. म्हणलं, "मॅडम, ल्हान तोंडी मोठा घास, पण मोडलाय डावा अन् तुमी मोजताय उजवा." ती हसली न्हाई बरं का. म्हणली, "मोडलेल्या पायातले तुकडे सरकलेत, त्याची खरी लांबी, खरा आकार आता कसा कळणार? दोन्ही पाय जोडीचे. चांगल्या पायावरून मोडक्याचं माप धरायचं." ...आवं, मग हे आधी सांगाय नको? एक पायताण कुत्र्यानं पळवलं तर आपुन दुसरंच घिऊन जातो की दुकानात! मी चिंधी सोडून टाकली. म्हणजी... ढिली केली.

पण ख्योळ पुढंच हुता की! मॅडम माप घिऊन आल्या अन् म्हणल्या, "हंबीरराव, तुमच्या मांडीच्या हाडाला बाक जरा जास्त आहे, आणि आतली पोकळी अरुंद आहे. आमच्याकडच्या सळया बाहेरच्या देशातल्या उंच माणसांच्या मापाच्या, लांब, जाड आणि सरळ. तसली घातली तर तिचं टोक गुडघ्याच्या वर हाडाला आतून टोचेल, हाड परत तडकेल. म्हणून मी पुण्याहून जास्त बाकाची, आखूड, बारीक सळई मागवते." किती सरळ सांगितलं! मला समजलं, भावजींना समजलं, शेजारच्या खाटंवर घोरणाऱ्याला समजलं. आमच्या हवालदारांनी एवढ्या सगळ्यातनं ऐकलं काय? बाक!

"वाकडं? कुणाचं हाड वाकडं?" आवं, वॉर्ड हादरला! "भरतीला मैदानात लंगोटीवर उभं केलं हुतं मला! गुडघ्याला गुडघा लावून बघितलं अन् साहेब म्हणला, पास! सगळी सर्व्हिस सावधान उभा ऱ्हायलो, अन् ही पोर मला वाकडा म्हणती?" मॅडम बिचाऱ्या समजवाय गेल्या, पर ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. ऑपरेशन न्हाई म्हणजी न्हाई!

मॅडम गेल्या, तवा मला जवळ बोलावलं. हळूच, कानात... ह्यांचं हळू म्हणजी खाली गेटवरच्या वॉचमनला ऐकू जातंय. "शाले, घात झाला. हे पलटणीत कळणार. म्हणत्याल हंबीरराव वाकडं हाड लपवून भरती झाला. फसवून घुसला म्हणत्याल. माझ्या बरोबरीची सगळी थुंकत्याल माझ्या तोंडावर. चल, घरी चल." आता ह्या माणसाला काय म्हणावं, सांगा! पलटणीला दुसरी कामं न्हाईत व्हय? बॉर्डर सोडून ह्यांची मांडी बघत बसत्यात?

मला आधी हसू आलं, मग मॅडमनी भाईर बोलावलं अन् हसू पळालं. म्हणल्या, "शालूबाई, या वयात असं पडून राहिले तर छातीत पाणी होतं, पाठीला जखमा होतात. लवकर उभं केलं नाही तर हे कायमचे अंथरुणाला खिळतील. किंवा..." मी तितंच बाकड्यावर बसले अन् ढसाढसा रडले. लपवू कशाला? लगीन झाल्यापासनं ह्यांच्या आवाजाला शिव्या घातल्या मी, पण त्या आवाजाबगार घर कसं असतंय ते मला ठावंच न्हाई. मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. पलटण, भरती, थुंकणं... सगळं. लाज सोडून.

दुपारी मॅडम आल्या काखंत कॉम्प्युटर घिऊन. ह्यांच्यापुढं ठेवला. "हंबीरराव, हे हाड बघा. किती बाक आहे?" ह्यांनी भिंतीकडनं एक डोळा फिरवला. "लय हाय की! कुणाचं हाय हे वाकडं?" "माझं." ह्यांनी दुसरा डोळाबी फिरवला! मॅडम म्हणल्या, "आपल्या भागातल्या माणसांच्या मांड्यांची मापं मी गोळा करतेय, म्हणजे पुढं आपल्या हाडाला बसतील अशा सळया करता येतील. माझंच आधी मोजलं. बाक सगळ्यांना असतो, कुणाला कमी, कुणाला जास्त. भरतीत गुडघे बघतात, आतलं हाड नाही. आणि हा बाक बाजूला नसतो, पुढं असतो. छाती पुढं काढून उभं राहावं, तसं हाड आत उभं असतं."

ह्यांनी परत इचारलं, "छाती पुढं?" "पुढं." "म्हंजी माझं हाड... सावधानमधी हाय?" "अगदी." "अन् दुसऱ्यांच्यापरास जास्त सावधान?" मॅडम म्हणल्या, "जास्त." खल्लास! गडी बदलला की! "सयाज्या, ऐकलंस? शाले, ऐकलंस? मॅडम, घाला सळई! अन् माझं माप तुमच्या त्या मापात घाला, लागंल तर दुसऱ्यांदा मोजा उजवा!" आदल्या दिशी त्याच उजव्या पायापायी माझा जीव टांगणीला लागला हुता, अन् आता हे सोताच पुढं करत्यात!

सळई आली पुण्यासनं. ऑपरेशनला आत नेलं, अन् माझ्या डोक्यात परत त्येच. मोडलाय डावा, मोजत्यात उजवा... कापत्यात कुठला? दार उघडलं, मॅडम भाईर आल्या, तोंडावरचं फडकं काढलं. "छान झालं. सळई नीट बसली." मी म्हणलं, "डावा ना?" "डावा, शालूबाई." मी त्या पोरीच्या गळ्यात पडले बघा. तिचा हिरवा डगला भिजवून टाकला. कसलं हलकं वाटलं म्हणून सांगू! मग चावाल्याला हाक मारली अन् पयल्यांदा गुमान चा प्याले.

दुसऱ्या दिशी वॉकर धरून उभं केलं ह्यास्नी. थरथरलं, घामाघूम झालं, पर उभं ऱ्हायलं. मी देवाला हात जोडलं.

...कुठं हायत म्हणता? व्हय की, तुमी केळी घिऊन आलाय अन् खाट रिकामी! आवं, पलीकडच्या वॉर्डात गेल्यात वॉकर घिऊन. तितल्या मोडक्या माणसांना सावधान करत्यात, अन् हाडं मोजून घ्या म्हणून ऑर्डरी सोडत्यात. सिस्टर सकाळपासनं तीनदा माझ्याकडं रडून गेली. मी तरी काय करू? मालक उभं ऱ्हाऊदेत म्हणून जोतिबाला नवस बोलले हुते, त्यानं ऐकलं... आता ह्यास्नी जरा खाली बसव म्हणून कुठल्या तोंडानं सांगू त्याला?