मिस्त्री येईपर्यंत चावीला हात नाही

मी एकदा असा नवस बोलले होते, की तो पाळायचा होता ह्यांनी. हसू नको वं, ऐक.

सावनेरजवळच्या नाल्यातून ह्यांनी जीप घातली. पाणी बोनेटवर आलं आणि इंजिन मध्येच बंद पडलं. ट्रॅक्टरने ओढून जीप बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी याच जीपने सासूबाईंना डायलिसिससाठी रामदासपेठेतल्या दवाखान्यात न्यायचं होतं. ह्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मिस्त्रीने फोनवर बजावलं होतं, "मी येतपर्यंत सेल्फ मारू नका." तरी हे जीपभोवती फेऱ्या मारत राहिले.

"एकदा मारून तर पाहतो!"

मी पटकन म्हटलं, "अहो, मी गणपतीले नवस बोलली. मिस्त्री येतपर्यंत तुम्ही चावीले हात लावायचा नाही."

"अवं, माझ्या नावाचा नवस तू काहून बोलली?" हे करवादले, पण हात मागे घेतला.

मिस्त्रीने डिझेलचे नोझल काढून इंजिन हाताने फिरवलं, तर पाण्याची पिचकारीच उडाली. "काकाजी, एक सेल्फ मारला असता तर आतला रॉड वाकला असता."

ऑइल बदललं, फिल्टर बदलला आणि संध्याकाळी जीप सुरू झाली.

खरं सांगू? ह्यांना म्हटलं तेव्हा मी नवस बोललेच नव्हते. ह्यांना सांगून झाल्यावर मग घाईघाईने हात जोडले. गणपतीने तो मागच्या तारखेने मान्य केला.

तुमच्याकडेही जीप आहे. पाण्यातून आली, की तूही भाऊजींना आधी थांबव वं. देवाला मागाहून सांग, तो समजून घेतो.