बारा झाडं, मुळांसकट

सून: थांबा, थांबा! दादा, तो ओंडका खाली ठेवू नका अजून. बाबा, हे काय आहे?

सासरे: काय आहे म्हणजे? लाकूड आहे. बारा ओंडके. मोजून घे.

सून: मोजले. बाराच आहेत.

सासरे: आणि एकही पंधरा फुटांच्या बोटभर वर नाही की बोटभर खाली नाही. हवी तर टेप लाव.

पोकलेनवाला: मॅडम, सकाळपासून मी हेच ऐकतोय. शेवटी लावली टेप. बरोब्बर पंधरा. आणि हात फिरवून बघा, कसे तुळतुळीत आहेत. माझ्या गालांपेक्षा बरे.

सून: साल कुठे गेली?

सासरे: काढली.

सून: फांद्या?

सासरे: छाटल्या. गाठीसुद्धा तासून घेतल्या.

सून: आणि मुळं?

सासरे: मुळं वीटभट्टीवाल्याला दिली, दोन ट्रॉल्या भरून. इतका खूश झाला माणूस, काय सांगू तुला.

सून: बाबा, मी चिठ्ठी लिहून ठेवली होती ना तुमच्यासाठी? बारा झाडं, मुळांसकट, फांद्यांसकट, आहे त्या लांबीची.

सासरे: वाचली की.

सून: मग?

सासरे: मला वाटलं, गडबडीत लिहिलंयस. तीन आठवड्यांच्या दौऱ्यावर निघाली होतीस, बॅग भरत होतीस, एक चप्पल सापडत नव्हती, त्यात लिहिलेलं. चाळीस वर्षं वखार चालवली मी. मुळांसकट लाकूड एकानेही मागितलं नाही. म्हटलं, तुझी चूक आपणच गुपचूप दुरुस्त करावी. चारचौघांत हसं नको.

सून: तीन आठवडे तुम्ही माझी चूक दुरुस्त करत होतात?

सासरे: एकट्याने. हाताने. पाठीचा पार भुगा झालाय, पण काम बघ.

पोकलेनवाला: मॅडम, तुम्ही खाली बसा बरं जरा. त्या ओंडक्यावरच बसा, कपड्यांना काही लागणार नाही.

सून: दादा, तुमचं मशीन आज किती वाजेपर्यंत आहे?

पोकलेनवाला: पाच. पाचला ट्रेलर येतो न्यायला.

सून: आणि उद्यापासून ओढ्यात मशीन उतरवायला बंदी. मासे वर चढायला लागतात अंडी घालायला. म्हणजे आज नाही तर एकदम पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी कुणासाठी करायचं, हाच प्रश्न आहे.

सासरे: मला नीट सांगशील का, झालंय काय? लाकूड वाईट आहे?

सून: लाकूड छान आहे.

सासरे: तोंड तर असं केलंयस की घरात चोरी झालीय.

सून: बाबा, फार छान आहे, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नाही. झालं, बोलले. सकाळपासून... नाही, ट्रक आल्यापासून कसं बोलू हेच कळत नव्हतं.

पोकलेनवाला: मी इंजिन बंद करतो. म्हणजे मला नीट ऐकू येईल.

सासरे: तू गप रे. काडीचा नाही म्हणजे?

सून: ओढा बघा आपला. इथून पुलापर्यंत सरळसोट. पाणी नळातून आल्यासारखं धावतं. खालची खडी वाहून गेली, नुसता कातळ उरला. आपला जो देशी मासा आहे ना, ठिपक्यांचा, त्याला अंडी घालायला खडी लागते, पोहून दमला की टेकायला डोह लागतो, लपायला आडोसा लागतो. इथे तिन्ही नाहीत. अख्खं झाड आडवं पडलं की पाणी अडतं, वळतं, खाली डोह खणतं, कडेला खडी टाकतं. सगळं आपोआप.

सासरे: मग ओंडक्याने अडणार नाही?

सून: ओढा वीस फूट रुंद आहे, ओंडका पंधरा. त्यात साल नाही, गुळगुळीत. पहिल्या पुरात बाराच्या बारा पुलाला जाऊन धडकतील. मुळांचा गड्डा असला की तो नांगरासारखा रुतून बसतो. त्यासाठीच तर लिहिलं होतं मी मुळांसकट.

सासरे: पूर्वी होतीच की झाडं या ओढ्यात. जागोजागी आडवी पडलेली.

सून: होती. पुराच्या भीतीने सगळी उचलून नेली. तीस वर्षं झाली असतील.

सासरे: बत्तीस. माझ्याच वखारीत आली. उत्तम लाकूड होतं.

पोकलेनवाला: घ्या! म्हणजे शेठ, माशांचं घर आधी तुम्ही विकलंत, आणि आता जे परत द्यायचं तेही सोलून ठेवलंत.

सासरे: तुला मशीन चालवायला बोलावलंय की तोंड?

सून: दादा, नका ना.

सासरे: बोलू दे त्याला. खरंच बोलतोय. किती आहेत मासे?

सून: मागच्या वर्षी मोजले तेव्हा एकोणीस. त्याच्या आधीच्या वर्षी साठ.

सासरे: एकोणीस. एवढी तर आपल्या घरात लग्नाला माणसं रुसून बसतात. सूनबाई, एक विचारू? खरं सांगशील?

सून: विचारा.

सासरे: हे काम तू मला का दिलंस? वखार बंद झाल्यापासून म्हातारा दिवसभर घरात येरझाऱ्या घालतो, डब्यांची झाकणं दुरुस्त करतो, त्याला जरा करमावं म्हणून?

सून: हो.

सासरे: हं.

सून: तुम्ही खरं विचारलंत. हे म्हणाले, बाबांना काहीतरी दे करायला. मला वाटलं, झाडं नुसती वखारीत उतरवून घ्यायची आहेत, त्यात काय बिघडणार?

सासरे: आणि मला वाटलं, खरं काम आहे. पहाटे उठून पाती परजत होतो मी. शेजाऱ्यांना सांगत होतो, सरकारी काम आहे, असं तसं चालायचं नाही.

सून: बाबा, मला वाईट वाटतंय. तुमच्यावर चिडलेय आणि वाईटही वाटतंय. दोन्ही एकदम.

सासरे: वाटू दे. त्याने झाड मिळत नाही. किती वाजले?

पोकलेनवाला: साडेदहा.

सासरे: एक झाड पुरेल का? एकच, पण मोठं. चाळीस-पन्नास फूट. मुळांचा गड्डा तुझ्या या मशीनएवढा.

सून: एक असं मिळालं तर त्याच्या पाठीशी तुमचे ओंडके अडकवता येतील. मग ते नाही वाहून जाणार. पण असं झाड आणायचं कुठून? वादळात पडलेली ती बारा मिळवायला मी आठ महिने खेटे घातले.

सासरे: वखारीच्या मागे. ओढ्याच्या काठावरच आहे. वादळाने कललंय, शेडला टेकलंय. मी टेकू लावलेत.

पोकलेनवाला: ते पिळाचं? शेठ, त्याच्याखाली तर तुमची खुर्ची असते.

सून: नाही हं बाबा. ते नाही.

सासरे: का नाही? ओढा पूल ते बंधारा सगळा तुझ्या परवानगीत येतो ना?

सून: येतो, पण ते तुमचं लाडकं झाड आहे.

सासरे: लाडकं? कुणी सांगितलं? चाळीस वर्षं शिव्या घातल्यात त्याला. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पीळ. चार करवती मोडल्या माझ्या त्याच्या फांद्या छाटताना. एक फळी सरळ निघायची नाही त्यातून, म्हणून तर उभं राहिलं. येता-जाता म्हणायचो, मेल्या, नुसती जागा अडवून बसलायस.

सून: हेच म्हणतेय मी. रोज बोलायचात त्याच्याशी.

सासरे: हो, बोलायचो. तुम्ही दोघं कामाला गेलात की दुसरं होतं कोण? चल, ऊठ. पाच वाजता ट्रेलर येतोय.

पोकलेनवाला: आणि मग शेठ, शिव्या कुणाला देणार?

सासरे: तू आहेस की. चालू कर इंजिन.

(दुपारचे साडेतीन. पिळाचं झाड वखारीमागे ओढ्यात आडवं आहे. मुळांचा गड्डा या काठाला, शेंडा पलीकडच्या.)

पोकलेनवाला: सातवा ओंडका कुठे?

सासरे: मुळांच्या बेचक्यात. हळू! डावीकडे. अजून. सरळ कर जरा.

सून: बाबा, सरळ नको.

सासरे: अगं, डोळ्यांना टोचतं ते.

सून: टोचू दे. पाण्याने गोंधळायला हवं.

सासरे: पाणी गोंधळेल न गोंधळेल, मी गोंधळलोय. बरं, तिरपा घे. नाही, तू मुद्दाम तिरपा घेतलास, तो नुसता तिरपा दिसतोय, बसलेला नाही. मागे घे. मी खाच पाडतो त्याला, खोडाच्या वाकणात अडकेल. खिळा नको, तार नको. पुराचं पाणी जेवढं ढकलेल तेवढा घट्ट बसेल.

सून: हे कुठे शिकलात?

सासरे: छपरं बांधलीत मी. तिथे वजन वरून येतं, इथे बाजूने. तेवढाच फरक.

सून: बाबा, आमच्याकडे हे ओंडके लोखंडी दोरांनी बांधतात. दोन वर्षांत दोर गंजतात.

सासरे: मग गंजणारच. पाण्यात लोखंड कोण घालतं? तासायचा वाकस दे तो. आणि तू त्या दगडावर उभी राहू नकोस, घसरशील.

पोकलेनवाला: मॅडम, तुम्हाला काही हवं असलं तर आता शेठना विचारा. साहेब बदललेत आज.

सून: दिसतंय मला. दादा, आठवा उचला.

सासरे: आठवा नाही, अकरावा. त्याला बुंध्याकडे फुगवटा आहे, मी सोलताना बघून ठेवलाय. तो इथे चपखल बसतो.

पोकलेनवाला: चालेल, अकरावा. पण शेठ, पावणेपाचला मी बाहेर. नंतर मासे ओरडतील मला.

सासरे: बारावासुद्धा होतो तेवढ्यात. बोलू नकोस, फिरव.

सून: झाला! बाबा, बारा झाले. दादा, काढा मशीन बाहेर, ट्रेलर आला बघा पुलावर.

पोकलेनवाला: निघतो मॅडम. शेठ, बाकी काही म्हणा, काम वाकडं झालंय एकदम. आयुष्यात इतकं वाकडं केलं नसेल तुम्ही.

सासरे: जा आता. आणि हळू चढव, काठ ढासळवू नकोस माझा.

सून: गेले. बाबा, पुढच्या हंगामात वरच्या अंगाला अशाच सहा जागा करायच्या आहेत. तुम्ही याल? या वेळी करमावं म्हणून नाही विचारत. मला त्या खाचा जमत नाहीत.

सासरे: बघू. खुर्ची हलवायला लागेल, सावली गेली तिथली.

सून: हो म्हणताय की नाही?

सासरे: थांब जरा.

सून: बाहेर या ना आता. गुडघाभर पाण्यात किती वेळ उभे आहात. गार नाही लागत?

सासरे: लागतंय की. पण सकाळी झाड पाडताना इथे पाण्याच्या ओढीने माझा पाय ठरत नव्हता गं. आता ठरतोय.