माकडांची शिट्टी

हसू नका, पण जंगलात आम्हाला बिबट्यापेक्षा शिट्टीची भीती वाटली. बदलापूरच्या पुढे वनखात्याने तंबू लावायला स्वस्तात जागा ठेवली होती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतले आम्ही चौघे बायकांना घेऊन तिथे गेलो. भोपाळची वायुगळती झाल्यापासून कंपनीत शिट्टी वाजली की काय करायचं, हे आमच्या अंगात भिनलेलं.

सकाळी चहा उकळत होता आणि खालून वनरक्षकाची शिट्टी सुरू झाली. थांबेचना.

"वारा कुठून येतोय?" कांबळे ओरडला.

मी मूठभर माती उडवली. "खालून!"

"वाऱ्याला आडवे पळा! रुमाल ओले करा!"

कळशीत रुमाल बुचकळले, बायकांच्या नाकावर दाबले आणि त्यांना ओढत शेजारच्या टेकडीवर नेलं. कांबळेने माणसं मोजली. सगळे हजर. तेव्हा कुठे लक्षात आलं, इथे कंपनीच नाही.

वनरक्षक धापा टाकत आला. "अहो, माकडं तंबूत घुसत होती, म्हणून शिट्टी मारली. तुम्ही का पळालात?"

आम्ही चौघे पोट धरून हसलो. माझी बायको हसली नाही. रुमाल नाकावर तसाच धरून म्हणाली, "कंपनीत असं पळावं लागतं?"

"छे गं, नुसती प्रॅक्टिस असते."

"मग मघाशी माझ्या नाकावर रुमाल इतका घट्ट का दाबलात?"

सोमवारी कंपनीत डब्याची पिशवी उघडली, तर आत दोन रुमाल. एक नेहमीचा. दुसरा ओला करून, पिळून, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला.