उम्म मोहितचा कप

— अगं तसा न्हाय, क्रांती. उजव्या हातानं धर. उजव्या! डाव्या हातानं कप घेतलास की तिथंच नापास तू, मग ती अरबीची वही कितीबी पाठ असूंदे. ठेव ती खाली. नर्स होऊन रियाधला निघालीस म्हणून सगळं वहीतनं येतंय व्हय? मी सहा वर्षं रियाधला एका म्हातारीची सेवा केली — अरबी शिकले ती तिच्या गहव्यातनं. गहवा म्हंजे त्यांची कॉफी. आज आपला चहाच हाय, पण समज की गहवा हाय. शुक्रन म्हण, म्हंजे आभार. हां. तर घोटभरच ओतत्यात. प्यालीस की परत ओतत्यात. पहिल्या दिवशी मी काय केलं असंल? आपल्यासारखं ‘नको, नको’ म्हणत लाजत बसले — आणि प्याले. नऊ कप! म्हातारी हसून हसून खोकाय लागली. मग तिनं माझं मनगट धरलं आणि रिकामा कप असा, दोनदा, हलीवला. झालं. वाढणारी थांबली. आग्रह न्हाय, रुसवा न्हाय, काही न्हाय! मला तर खरंच वाटंना — आपल्या पेठेतल्या पंगतीत नको म्हटलं की पळीभर जास्तच रस्सा घालत्यात.

काय? व्हय, तेबी शिकून घे. तिथं बाईला थोरल्या ल्याकाच्या नावानं हाक मारत्यात — उम्म अमुक, म्हंजे अमक्याची आई. मला विचारलं, ल्योक काय नावाचा? मोहित म्हटलं. तवापासनं मी उम्म मोहित. पाणी पाहिजे — उम्म मोहित. गोळी कुठाय — उम्म मोहित. दिवसातनं पन्नास वेळा त्याचं नाव कानावर यायचं, बरं वाटायचं गं. तीन वर्षांचा ठेवून गेलते त्याला. आणि परत आले तर जावेला आई म्हणत होता. मला? मला काकू! सगळी हसली. मीबी हसले. आता कुठं, दिवाळीपासनं, आई म्हणाय लागलाय — तेबी भूक लागली की. न्हाय गं, रडत कुठाय.

तुझ्यासंगं विमानात कोण? मीच की! सांगितलं न्हाय व्हय तुला कुणी? म्हातारीच्या लेकीनं व्हिसा पाठवलाय. उदयसिंह भाऊजींनी कागद भरलं, पासपोर्ट त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. मी नको म्हटलं की. जेवताना म्हटलं, देवापुढं म्हटलं, भावाला बोलवून त्याच्यापुढं म्हटलं. भाऊजी म्हणत्यात, ‘वैनी, हितं बसून काय करणार?’ आमचं हे — मान खाली घालून चपाती मोडत बसले. आणि सासूबाई, आक्का, त्या म्हटल्या, ‘पोरगं सांभाळलंच की आम्ही, काय कमी केलं?’ आता त्याला काय उत्तर देऊ, तूच सांग? कमी काय केलं न्हाय, खरं हाय. जास्तच केलं. त्याची आईबी दुसरी करून दिली.

ह्या बघ, आल्याच किटली घेऊन. आक्का, क्रांतीला द्या, मला नको. झाला माझा. न्हाय आक्का, खरंच नको — हे बघा, कप हलीवतेय की, दोनदा हलीवला —

भरला बघ.

ऊठ, जा तू आता. मोहितची शाळा सुटायची वेळ झाली.