झडप टायमरला द्या

...आणि वर मलाच विचारतात, सरबत जमिनीवर गेलं कसं? अहो, जाईल नाही तर काय? तुम्हाला सांगतो, बाटल्या भरायचं यंत्र कंपनीचं, त्याचा प्रोग्रॅम माझा, डोकं मात्र साहेबांचं. बाटली आली की झडप उघडायची, अर्ध्या सेकंदाने मिटायची, बस्स. ही वेळ मोजायला चिपमध्ये वेगळा टायमर असतो. त्याला एकदा सांगितलं की झडपेला जोडलेली चिपची पिन तो स्वतः चालू-बंद करतो, मग प्रोसेसर कुठे का गुंतलेला असेना. पहिल्या दिवसापासून घसा कोरडा करतोय, साहेब, झडप टायमरला द्या.

साहेब काय म्हणाले? "अरे, प्रोसेसर रिकामाच बसलाय, तोच मोजेल की." आणि त्याच प्रोसेसरला पडद्यावर 'सुस्वागतम्' म्हणत फुलं उधळायला बसवलं... यंत्र पास करायला कस्टमर आला, फुलं सुरू झाली, प्रोसेसर फुलांत रमला आणि झडप उघडी ती उघडीच! सरबत थेट कस्टमरच्या बुटात. इकडे त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न, आणि यंत्र पास झाल्याशिवाय मला सुट्टी नाही. डोकं फिरेल की नाही? म्हणून सांगत होतो, झडप टायमरला द्या.

शेवटी दिली हो. एका बाटलीला एकदाच उघड, असं बजावून दिली. थेंब इकडचा तिकडे नाही. मी जेवायला काय गेलो, साहेबांनी सुधारणा केली! "बाटल्या सारख्याच अंतराने येतात ना? मग दर वेळी कशाला सांगायचं? करू दे त्याला आपली आपण उघडमीट." फुलंही वाढवली, बरं का. कस्टमर पुन्हा आला, प्रोग्रॅम फुलांत अडकून ठप्प, बाटल्या आणणारा पट्टा थांबला, बाटल्या थांबल्या... टायमर कशाला थांबतोय? रिकाम्या पट्ट्यावर अर्धा सेकंद सरबत, मिटली, पुन्हा अर्धा सेकंद सरबत, मिटली... मीच धावत जाऊन मेन स्विच पाडला.

आणि साहेब, चेहऱ्यावरचे शिंतोडे पुसत, कस्टमरला म्हणतात कसे, "पाहिलंत? प्रोग्रॅम बंद पडला तरी आमचं काम थांबत नाही. मी यांना आधीपासून सांगत होतो, झडप टायमरला द्या."

कस्टमरने पट्टा पाहिला, बूट पाहिले. म्हणाला, "माप अचूक आहे. यंत्र पास. फक्त स्विच पाडायला हा माणूस महिनाभर इथेच ठेवा."

लग्न छान झालं म्हणे. मी फोनवर पाहिलं... उभ्यानेच, एक हात स्विचवर ठेवून.