बारा शब्दांचं गाणं

—ऊन बघा कसं आहे आज! सकाळपासून वाऱ्याची झुळूक नाही, समुद्र तेल ओतल्यासारखा पडलाय, आणि तुमचं विमान फिजीहून निघालंय की नाही, देव जाणे. बसा हो, धावपट्टीच्या कडेला हीच एक सावली. इंटरनेटची डिश दुरुस्त करायला आलेले तुम्हीच ना? मग तुम्हालाच विचारतो. मी शाळेची पायरी चढलेलो नाही, हसू नका.

आमच्या धाकट्या बेटावरची थडगी समुद्रानं नेली — माझ्या बायकोचंसुद्धा. तेव्हा नात लुसेता, जहाजावर नोकरीला असते ती, तिनं इंटरनेटवर एक पान केलं. सगळ्या गेलेल्यांची नावं, मी सांगितली तशी, सात पिढ्या. पानाला पत्ता लागतो म्हणे. पहिल्या पत्त्याच्या टोकाला आमच्या तुवालू देशाच्या अक्षरांचं शेपूट होतं — दरवर्षी नवा करायचा, बिनसलं तर तक्रारीला कचेरी. पण पोरगी म्हणाली, "आजोबा, देशच पाण्याखाली गेला तर शेपूट कुणाचं?" म्हणून तिनं पत्ता ब्लॉकचेनवर घेतला. ती म्हणजे म्हणे एक वही, जगभरच्या यंत्रांवर एकसारखी लिहिलेली, कुणाला खोडता येत नाही. कचेरी नाही, साहेब नाही — ज्याच्याकडे किल्लीचे बारा शब्द, तो मालक.

"कागद भिजतो, फोन खाऱ्या हवेनं मरतो, तुमच्या डोक्यातलं मात्र काही जात नाही," असं म्हणून तिनं ते शब्द मला दिले. इंग्रजी. एकाचाही अर्थ ठाऊक नाही. मग पाठ कसे करायचे? आमची रीत एकच — चाल लावायची. वंशावळ तशीच, होडीला वाट दाखवणारे तारेही तसेच. लावली चाल. जाळं विणताना गुणगुणायचो — एवढंच हो, एवढंच! ...खोटं कशाला बोलू. शनिवारी सभाघरात जेवणावळ होती, लाकडी खोक्यावर ताल धरला, पोरी म्हणाल्या, आजोबा, ते नवं गाणं! आमच्यात गाणं एकट्याचं नसतं. तीनदा म्हटलं, दरवेळी जास्त जलद, आणि तिसऱ्यांदा सारं सभाघर उठून नाचत होतं. मी — मी सगळ्यांत मोठ्यानं.

काल मास्तरांनी विचारलं, "हे बारा शब्द कसले हो?" — आणि तेव्हा कुठं ध्यानात आलं, मी किल्लीच गावभर वाटली. इथलं कुणी चोरणार नाही, सगळे घरचेच. पण परक्यानं ऐकलं तर? आमच्या मेलेल्यांच्या पत्त्यावर जुगाराचा अड्डा मांडेल — मांडेल ना? काय म्हणता, पत्ता दुसऱ्या बारा शब्दांवर हलवता येतो? पण तो हलवणार लुसेताच, आणि जहाज बंदराला लागेस्तोवर तिचा फोन लागत नाही. परवा लागेल. परवापर्यंत धीर धरायचा, एवढंच म्हणत बसलोय.

धावपट्टी मोकळी करायचा भोंगा झाला. उठा, विमान आलं. जा... नाही, थांबा, एक सांगितलंच नाही, तोंडातून निघत नव्हतं. इकडं येताना शेजारची पासेमेता कुंपणावरून ओरडली, मोठ्या आनंदानं — "आजोबा, तुमचं गाणं मी काल फोनवरून इंटरनेटवर टाकलं, चार हजार लोकांनी ऐकलं! एक परका माणूस विचारत होता, तालात सातवा शब्द बुडालाय, तो कोणता — मी लगेच लिहून पाठवला!"