मागचं दिसायला नको

दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या मायलेकींकडे लागले होते.

"दादाला फोटो पाठवायचाय ना, आई? मग हस की जरा."

"हसते गं बाई. पण मागचं दिसायला नको. दवाखाना दिसला, तर नवी नोकरी टाकून धावत येईल तो."

"म्हणून तर म्हणते, पडद्यांना चिकटून बसू नकोस. खुर्ची चांगली पुढे ओढ. ते जितके लांब, तितके पुसट."

"तुझ्या या साध्या कॅमेऱ्याला जमेल?"

"झूम करते, अ‍ॅपर्चरचा आकडा सगळ्यात कमी ठेवते आणि तुझ्या डोळ्यांवर फोकस धरते. हं, बघ!"

"अगोबाई! हिरवे पडदे अगदी झाडीसारखे दिसतायत. बागेतच बसलेय जणू."

शिंपीणबाईंनी मान लांब करून पाहिलं. त्यांना राहवेना.

"ताई, आईंची तेवढी बाही खाली ओढून पुन्हा काढा. हातावरची सुई टोचल्याची पट्टी स्पष्ट दिसतेय."

"अय्या, खरंच! आई, हात झाक. दुसरा काढते."

आईने कॅमेरा हातात घेऊन फोटोतली ती पट्टी निरखून पाहिली.

"राहू दे. हाच पाठव."